जुनी अशीच लागते

उस्ताद, चार बाटल्या खऱ्या केवढ्याला पडल्या, ते मी परवा जेवता जेवता मनात मांडून बघितलं. दुकानातली किंमत डॉक्टरलाही आता आठवत नाही, ती सोडा. पण त्यातल्या तीन बाटल्या थंड राहाव्यात म्हणून त्यानं घरातली एक खोली दिली, तिची खिडकी विटांनी बुजवली, एक छोटा फ्रीज उन्हाळ्यामागून उन्हाळे अखंड चालवला, तो बसला तेव्हा दुसरा आणला, लाइट जाते म्हणून त्याच्यापुरता वेगळा इन्व्हर्टर लावला, आणि इतकी वर्षं घरी आलेला प्रत्येक पाहुणा हॉलमध्ये गादी टाकून झोपला. चौथीला काहीच लागलं नाही. ती वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, लोखंडी कपाटात पैठणीच्या घडीत आडवी पडून होती. पण महागात पडली ती तीच.

तुम्ही दारूच्या वासालाही उभं राहत नव्हता, म्हणून आधी माफी मागतो. पण आता मी अशा लोकांत बसतो जिथं जेवणाबरोबर द्राक्षाची तांबडी वाइन घेतात आणि तिच्यावर अर्धा अर्धा तास बोलतात. हा डॉक्टर माझा जुना मित्र. तरुणपणी शिकायला परदेशी होता, तेव्हा त्यानं चार वेगवेगळ्या मळ्यांच्या चार बाटल्या आणल्या, पण सगळ्या एकाच सालच्या, त्याचा मुलगा जन्मला त्या सालच्या. जितकी जुनी तितकी चांगली होत जाते म्हणे, म्हणून मुलाच्या लग्नात फोडायच्या ठरल्या होत्या. वहिनींनी त्यातली एक उचलून घेतली. "तुमच्या त्या शवागारात माझी बाटली नको. ही माझ्याजवळ राहील. सुनेला पैठणी देईन तेव्हा बरोबर हीही देईन." मुलगाही परदेशी गेला, तिकडंच एका सरकारी कचेरीत लग्न केलं, फोटो फोनवर आला. वहिनी दोन वर्षांखाली गेल्या. तर गेल्या रविवारी डॉक्टरनं मला, वकिलाला आणि वकिलीणबाईंना जेवायला बोलावलं, नान आणि मटणाचा खलिया मागवला आणि म्हणाला, "आता कुणासाठी ठेवायच्या? चारही फोडू."

तुम्ही म्हणाल, त्यात तुझं काय काम? तर ऐका. ह्या मंडळींत मला 'नाक' म्हणतात. कुणाला मुलीच्या साखरपुड्याला कोणती वाइन ठेवावी हे विचारायचं असलं की फोन मला येतो. डोळे बांधून बसवा, घोट द्या, मी सांगतो. पंधरा वर्षांत माझा एक अंदाज चुकला असं कुणी दाखवावं. वाळूजला कारखान्याचं स्वतःचं शेड, हाताखाली बत्तीस माणसं, आणि वर हे नाक. पैठणकडच्या एका खेड्यातून डबा घेऊन आलेल्या माणसानं एवढं केलं, ते कुणाच्या ओळखीवर नाही. मग पाच वर्षांखाली सगळ्या जगाला ताप आला तसा मलाही आला. दहा दिवसांत गेला आणि जाताना वास घेऊन गेला. तेव्हापासून फोडणीचा आवाज येतो, वास येत नाही. शेडमध्ये मशीन थंड ठेवायचं कूलंट नासलं तर दुसरं कुणी तरी सांगतं. नातवाच्या टाळूवर नाक टेकवलं तर नुसतं ऊन लागतं. दात काढण्याआधी हिरडीत सुई देतात, मग ओठ आपलाच असून दुसऱ्याचा वाटतो ना, तसं झालंय, फक्त सगळीकडं. वाईट वाटतं असंही म्हणवत नाही. बायकोला माहीत आहे. मित्रांना सांगितलेलं नाही.

मग टेबलावर मी काय करतो? तुम्ही शिकवलं तेच. "पहले सुन, बाद में बोल. मुँह तो मिक्सर का भी चलता है." मी पहिल्या आठवड्यात लेथवर काहीतरी हुशारी झाडली होती, तेव्हा चार माणसांत तुम्ही हे सुनावलं होतं. तर परवा पहिली बाटली फुटली. वकील चहा बशीतून ओढावा तसा घोट ओढतो. ओढला, आणि बायकोच्या कानाशी पुटपुटला, "जांभळासारखं लागतंय का गं?" ती म्हणाली, "मला लाकडासारखं." मी ग्लास हलवला, वर उजेडाकडं धरला, थोडा थांबलो. "जांभूळ आहे," म्हणालो, "आणि मागं कुठं तरी जुनं लाकूड." वकिलानं टेबलावर थाप मारली. "बघा! जीभ आहे का काय आहे! डॉक्टर, ह्या माणसाचं नाक मेल्यावर काढून काचेत ठेवा." दुसरी, तिसरी अशीच पार पडली. खलियाचा रस्सा वाहत होता, मंडळी खुशीत होती.

तिसऱ्या बाटलीवर वकिलानं फर्मान काढलं की बाटलीवरच्या साली कोण कुठं होतं ते प्रत्येकानं सांगायचं. तो स्वतः त्या साली वकिलीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटला होता. वकिलीणबाई म्हणाल्या, "मी त्या साली ह्यांना नाही म्हटलं होतं. पुढच्या साली चुकले." डॉक्टर बाटलीवरचा आकडा अंगठ्यानं पुसत राहिला. माझी पाळी आली. मी म्हणालो, "त्या साली मी ग्राइंडिंगचा इन्चार्ज झालो. तिथून गाडी सुरू झाली." टाळ्या झाल्या. वकील म्हणाला, "म्हणजे शेठ, तुम्ही आणि वाइन एकाच सालचे. फरक इतकाच, ती आडवी ठेवावी लागते अन् तुम्ही स्वतःहून होता." सगळे हसले. मीही हसलो. आणि मला झेंडूचा हार दिसला.

त्या साली आपल्या कंपनीत परदेशी ग्राइंडर आलाय. मशीनला हार घातलाय, नारळ फुटलाय, बँकेचे साहेब पेढा खातायत. मालक बटण दाबतात, मशीन फिरतं, टाळ्या होतात. तुम्ही पुढं येता. तो लांब, लाकडी मुठीचा पेचकस टोकाकडून स्पिंडलवर टेकवता, मूठ कानामागच्या हाडाला लावता आणि डोळे मिटता. तुमचं डोळे मिटणं बघूनच मला कळतं. "साब, बेअरिंग में किरकिर है. अब्बी वापस ले जाने बोलो, बाद में कोई नहीं सुनता." बँकेच्या साहेबांचा पेढा हातातच राहतो. मालक म्हणतात, "उस्ताद, आजचा दिवस तरी चांगलं बोला की हो." मग माझ्याकडं वळतात. "तू ऐक रे. तुझे कान तरुण आहेत."

मी पेचकस घेतला. आवाज होता. जात्यात खडा यावा आणि दर फेऱ्याला खाली सापडावा, इतका बारीक, पण होता. मला तो स्वच्छ ऐकू आला. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. आत्ता लिहिलं, तर काहीच झालं नाही. पंखा फिरत होता तसा फिरतोय. मी मालकांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि म्हणालो, "साहेब, मला तर मशीन गोड वाटतंय."

तुम्ही चिडला असता तर सोपं गेलं असतं. तुम्ही पेचकस माझ्या हातून घेतला आणि पुन्हा ऐकलं. बराच वेळ ऐकलं. "तेरेकू नहीं आ रा?" "नाही, उस्ताद." "अच्छा," म्हणालात, आणि पेचकसाचं टोक शर्टाला पुसलंत. तुम्ही माझं खरं मानलंत. तुमच्या कानापेक्षा माझ्या तोंडावर भरवसा ठेवलात. त्यानंतर कुठल्याही मशीनला कान लावलात की कुणाला तरी हाक मारून विचारायचात, "जरा तू भी सुन ले." पुढच्या महिन्यात त्या ग्राइंडरचा इन्चार्ज मी झालो. तुम्ही आपण होऊन स्टोअर मागून घेतलंत, खिडकीत बसून हातमोजे अन् पॉलिश पेपर वाटायला लागलात. दिवाळीआधी स्पिंडल जाम झाला. खिडकीशी येऊन मीच तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान वर केलीत. "किसीकू लगी तो नहीं?" "नाही." "शुक्र है," म्हणालात आणि पुन्हा वहीत बघायला लागलात. रिटायर झालात त्या दिवशी तो पेचकस कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलात. "मेरे कान का अब भरोसा नहीं. तू रख." तुम्हाला कळलं होतं की नव्हतं, हे मला अजून कळत नाही.

तर चौथी. पहिल्या तिघींचं बूच निघताना बारीक सुस्कारा आला होता. हिचं बूच काहीच न बोलता भुगा होऊन निघालं. डॉक्टरनं चहाच्या गाळणीतून ओतली. स्वतःचा ग्लास भरला, पण उचलला नाही. "तू आधी," मला म्हणाला. "बाकीच्या तिघी कशाही असू दे. हिची राहिली का, तेवढं सांग. तू म्हणशील ते खरं."

मी ऐकलं. वकिलानं घोट घेतला, पण ओढल्याचा आवाज आला नाही, आणि गिळल्याचा आला तो फार उशिरा. वकिलीणबाईंचा ग्लास टेबलाला लागला तो लगेच, आणि त्यांच्या बांगड्या पाण्याच्या तांब्याकडं गेल्या. कुणी कुणाच्या कानाशी पुटपुटलं नाही. मग मी घोट घेतला. नाक नसलं तरी जीभ आंबट ओळखते, घसा चरचर ओळखतो. बाटली गेली होती. कधीच गेली असणार, पहिल्या दोन-चार उन्हाळ्यांतच. इतकी वर्षं त्या पैठणीत शिर्का जपला होता.

डॉक्टर माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "वहिनींनी राखली, डॉक्टर. चारांत हीच."

त्यानं ग्लास उचलला. घोट घेतला, तोंडात धरला, कपाळाला आठी पडली. हळूच म्हणाला, "थोडी आंबटली का रे?"

"जुनी अशीच लागते."

त्यानं पुन्हा घोट घेतला. ह्या वेळी डोळे मिटून. "हां," म्हणाला. "अशीच लागते." आणि ग्लास संपवला. वकील म्हणाला, "अगदी." आयुष्यभर कोर्टात ओरडलेला माणूस, पण इतका बारीक आवाज मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

एक माणूस माझ्या समोर बसून स्वतःच्या जिभेला खोटं पाडत होता, माझ्या शब्दावर. असंच मी पूर्वी एकदा पाहिलंय, हे मला समजत होतं. आता आत काहीतरी हलेल म्हणून मी थोडं थांबलो. नाही हललं. ताटातला खलिया गार व्हायला आला होता, तो खाल्ला. निघताना गाडीत बसता बसता वकिलीणबाई म्हणाल्या, "बरं केलंत, भाऊजी." त्यांना वाटतं मी दया केली. असेलही. पण बोलताना मला दयाबिया काही सुचलं नव्हतं. समोरच्याला काय ऐकायचंय ते मला ऐकू आलं आणि तोंडानं ते दिलं, मालकांना दिलं होतं तसं. तेव्हा निदान भीती तरी होती. आता तीही नव्हती.

डॉक्टरनं उरलेली अर्धी बाटली पिशवीत घालून मला दिली. "तुलाच कळते, तू ने." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. मुलाला रात्रीच कळवलं होतं, आईची सगळ्यांत चांगली निघाली म्हणून. मुलगा अर्धा तास बोलला म्हणे, आईबद्दल, पहिल्यांदाच. डॉक्टरचा आवाज मोकळा लागत होता, बेअरिंग बदलल्यावर मशीनचा लागतो तसा. मी "वा, वा" म्हणालो. आता हे परत घेता यायचं नाही.

हे पत्र पाठवायचं नाही, हे बसतानाच ठरलं होतं. पाकिटावर शहराचं नाव तुमच्या वेळचं लिहावं का आताचं, ह्यावर मी बराच वेळ घालवला, पण तो बहाणा होता. तुमच्यामागं तुमचा मुलगा शहागंजात दुकान चालवतो. येता-जाता सलाम करतो, चहा पाजतो, आणि "अब्बा को आपपे बहोत नाज था" असं दर वेळी सांगतो. पत्र त्याच्या हाती गेलं तर तो वाचेल. बापानं म्हातारपणी आपल्या कानांना नावं ठेवली ती कुणामुळं, ते त्याला कळेल. मला त्याचा चहा सोडवत नाही, एवढं खरं.

आणखी एक. वर मी लिहिलंय की ताप आला आणि नाक गेलं. वासाचं खरं आहे, तो गेलाच. पण वाइनपुरतं सांगायचं, तर तापाच्या आधीही मला तिच्यात आंबट आणि तुरट ह्यापलीकडं कधीच काही लागलं नव्हतं.