सहा खांबांचा फेटा

पूर्णेत शिवरुद्रअप्पांच्या कोठीपुढचे सहा खांब मी केले, आणि फेटा बांधला माझ्या दिराच्या, माणिकरावांच्या डोक्याला. ही तक्रार अगोदर. आता सगळ्यांना नमस्कार.

मी चतुराबाई, जौजे आश्रुबा गवंडी (मयत), राहणार ताडकळस, हे मृत्युपत्र पुरत्या शुद्धीत, कोणाच्या दाबाखाली न येता लिहिते. दाबाखाली मी कधी आलेच नाही. नात कडूबाईने गिरवून घेतली तेवढीच अक्षरं येतात. अक्षर वाकडं आहे. खांबही वाकडेच केले, म्हणून सरळ दिसतात. ती हकीकत सांगितल्याशिवाय वाटणी कळणार नाही.

अप्पा कापसाचे व्यापारी. रेल्वेच्या साहेबाकडून त्यांनी विलायतेतल्या एका जुन्या कोठीचं चित्र आणलं. दारापुढे उंच, पांढरे, गोल खांब, वर तिकोनी माथा, खाली घोडागाडी उभी राहील एवढी सावली. म्हणाले, असंच पाहिजे. आमच्या मालकांनी आणि भावजींनी विटा रचल्या. भावजींनी ओळंबा लावून सहाही खांब खालपासून वरपर्यंत एकसारखे केले. अप्पांनी फाटकातून पाहिलं. "खांब उपाशी दिसायलेत की!"

मी तिथे चुना घोटायला होते. चित्रावर दोरा धरून पाहिला. विलायतेचा खांब मधे किंचित फुगीर, वर निमुळता. एकसारखा केला की डोळ्याला मधे खंगलेला दिसतो. मुंजाजी सुताराकडून तशाच बाकाच्या कडेची फळी कापून घेतली आणि म्हटलं, गिलावा हिने ओढा.

भावजी सगळ्या मजुरांपुढे म्हणाले, "वैनी, खांबाला दिवस गेलेत का काय?"

"गेले असतील. बाळंतपण मी करते, तुमी लांब बसा."

मी आणि माझ्या जोडीला चुना घोटणाऱ्या कमलबाईने सहाही खांब गिलावून आरशासारखे घोटले. लोक गाड्या जुंपून बघायला आले. मला नारळ आणि खण मिळाला. फेट्याचं वर लिहिलंच आहे.

पुढे पाथरीत भावजींनी फळीवाचून अंदाजाने खांब केले. रांजण झाले रांजण! ज्याचं घर त्याने खरवडायला लावले. या पाडव्याला फेटा काखेत घेऊन भावजी माझ्या उंबऱ्याशी आले. "वैनी, फळी द्या."

"फेटा ठेवा, आन् चार माणसांत सांगा, पूर्णेचे खांब कुणी केले."

सांगितलं. मी तीनदा सांगायला लावलं, पहिल्या दोनदा मला ऐकू आलं नाही. पाथरीचं काम सुधारलं, फळी परत आली. फेटा मी परत दिला नाही.

तर वाटणी. घर मुलगा बन्सीधर याला. दारापुढच्या माझ्या दोन खांबांना म्हैस बांधली, तर त्या दिवसापासून घर कडूबाईचं. पाटल्या सुनेला, माझ्या मयतीला उगाच गळा काढणार नसेल तर. घोटायचा दगड कमलबाईला. ओळंबा भावजींना, त्यांचा त्याच्यावर लय जीव.

गिलाव्याची करणी, फळी आणि फेटा कडूबाईला. तिचा हात माझ्याहून साफ आहे. नुसती फळी कोणी मागू नये, पाहिजे त्याने तिलाच कामाला बोलवावं आणि मिस्त्री म्हणावं. ती पहिला खांब पुरा करील त्या दिवशी फेटा तिच्या डोक्याला बांधावा.

मुक्काम ताडकळस, जिल्हा परभणी. ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८६५, फसली सन १३५२.

सही: चतुराबाई

साक्ष: मुंजाजी सुतार, सही
साक्ष: माणिकराव गवंडी, अंगठा. वाचून दाखवलं, सगळं कबूल.

राहिलेलं: पोरीच्या डोक्याला फेटा बघून लोक विचारतील, हे कशापायी? तेव्हा मधे कोणी तोंड घालू नये. उत्तर माणिकराव भावजींनीच द्यावं, उभं राहून, खणखणीत.