प्रेमराजला न सांगायचा शेवट

५ जानेवारी, रविवार
प्रेमराजशी संबंध संपले. शेजारी आहे, शाळेपासूनचा मित्र आहे, तरी संपले. आज गल्लीतले सगळे त्याच्याकडे सुपरहिरोचा पिक्चर बघायला जमले होते. दाढीच्या नादात मला उशीर झाला. दारात चपला काढतोय तोच हा सगळ्यांदेखत ओरडला, "भाऊ, उगाच बठू नको, हिरो मरी जास!" शेवटच फोडला! सगळे हसले. दीपमालासुद्धा. माझी बायको असून!
बदला घेणार. थंड डोक्याने. डोकं सध्या तापलेलं आहे.

६ जानेवारी
शोध लागला! त्याच पिक्चरचा एक्स्टेंडेड कट आहे, चार तासांचा. त्यात म्हणे हिरो मरत नाही. अख्ख्या गल्लीला दाखवणार, प्रेमराजला सोडून. शेवट त्याला सांगायचा नाही अशी सगळ्यांना शपथ घालणार. जन्मभर तळमळेल.

७ जानेवारी
आमच्या टीव्हीवर हिरो मुंगीएवढा दिसतो. बदला फोर-केमध्येच हवा.

९ जानेवारी
मेव्हणा किरण धुळ्याला असतो. त्याच्या घरी रंगकाम चाललंय, म्हणून त्याचा मोठा टीव्ही आठवड्यासाठी आणला. टेम्पोत, गोधडीत गुंडाळून. इथे पारोळ्यात घरी पोचेपर्यंत मीच कवटाळून बसलो होतो. दीपमाला म्हणाली, माझ्या आजारपणात एवढा जीव नव्हता लावला. दुर्लक्ष केलं.

११ जानेवारी, सकाळी
चार तास कोण बसेल? आमिष हवं. भरीत-पुरी! थंडीची वांगी झकास मिळाली. अडचण एकच, दरवर्षी गल्लीचं भरीत प्रेमराज भाजतो, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर. पण धुराची काजळी स्क्रीनवर बसली तर किरण माझा जीव घेईल. गॅसवर भाजणार. कोणाला कळतंय!

१२ जानेवारी, रविवार
सगळ्यांना कळलं.
गल्लीतल्या वच्छलाबाईंनी पहिल्याच घासाला विचारलं, "हाई गॅसवर भाजेल शे का?" मी विषय बदलला. म्हटलं, स्क्रीन बघा, हिरोच्या नाकातले केससुद्धा दिसतात. त्या म्हणाल्या, जेवताना नको. हिरो गुहेत बसला तो उठेचना. पाहुणे मात्र एकेक करून उठले. प्रेमराजने त्याच्या अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. उरलेली वांगी टोपलीत घालून दीपमालाच तिकडे गेली. फितूर! प्रेमराजने मलाही खिडकीतून हाक मारली. मी आवाज वाढवला.
एकट्याने पूर्ण पाहिला. हिरो खरंच वाचतो. ढिगाऱ्याखालून उठतो तेव्हा अंगावर काटा आला. बाजूला वळून म्हणालो, पाहिलंस का! बाजूला उशी होती. मग थोडं रडू आलं. हिरोसाठीच.
असो. बदला पूर्ण. आता त्याची तळमळ सुरू.

१३ जानेवारी
संध्याकाळपर्यंत तो शेवट विचारेल म्हणून फाटकाशी घुटमळलो. विचारला नाही. शेवटी मीच जाऊन म्हटलं, मला खरा शेवट माहीत आहे आणि मी तो सांगणार नाही.
"कोनता पिच्चर, भाऊ? मन्हा ध्यानमाच नही."
नाइलाजाने आधी पिक्चर कोणता ते सांगितलं. मग हिरो कोण, तो गुहेत का बसला, आणि बोलण्याच्या ओघात शेवटही. प्रेमराज म्हणाला, बरं झालं, वाचला बिचारा. मग आत जाऊन माझ्या वाटणीचं काढून ठेवलेलं भरीत घेऊन आला.
रागातच खाल्लं. पुन्हा मागून घेतलं, तेही रागातच.