गाद्यांच्या कंपनीतली उमेदवारी

१२ मे

ती. आत्यास,
खुर्चीतूनच साष्टांग नमस्कार. खुर्ची फिरती आहे, त्यामुळे जरा तिरपा पोचेल. फोन केला की गाडी शिकवतेय म्हणून तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.

गाद्या बनवणाऱ्या कंपनीत माझी इंटर्नशिप सुरू झाली. फायदे म्हणजे गारवा, फुकट कॉफी आणि गळ्यात फोटोचं कार्ड. तोटा एवढाच की मी काय करायचं ते कुणालाच माहीत नाही. आठवडाभर मीटिंगांमध्ये मान डोलावली. साहेबांनी कौतुक केलं.

मला तक्रारबाईंशेजारी बसवलंय. गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन त्या घेतात, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात. काल एका आजोबांची तक्रार होती की गादी एकाच बाजूला खचते. बाईंनी हळूहळू विचारलं, तेव्हा कळलं की दुसऱ्या बाजूला झोपणाऱ्या आजी हिवाळ्यात गेल्या. बाईंनी त्यांना मधोमध झोपून बघायला सांगितलं, आणि आज आपणहून फोन करून झोप लागली का ते विचारलं.

बाबा शेजाऱ्यांना सांगत सुटलेत की मला नोकरी लागली. त्यांना आवर.

लोभ आहेच, थोडा वाढला तरी हरकत नाही.
तुझी खारू

१९ मे

चि. खारूस,
गाडी बाजूला उभी करून अनेक आशीर्वाद.

सध्या एक मॅनेजर माझ्याकडे शिकायला येतात. काल त्यांनी गाडी कुंपणात घातली आणि कुंपण चुकीच्या जागी कसं आहे ते मला समजावून सांगितलं. तुझे साहेब त्यातले नसावेत अशी आशा.

दादाला आवरणं मला जन्मात जमलेलं नाही. कॉफी बेतानं पी.

जपून राहा, लिहीत राहा.
तुझी आत्या

२ जून

ती. आत्यास,
नमस्कार. मला काम मिळालं, आणि नसतं मिळालं तर बरं झालं असतं.

तक्रारींचे फोन यापुढे यंत्राने घ्यावेत असं साहेबांच्या मनात आहे. त्याने किती वेळ वाचेल ते मी मोठ्या मीटिंगमध्ये मांडायचं आहे. माझ्या तक्त्यात त्या आजोबांचा फोन 'निष्फळ' या रकान्यात बसतो, कारण तो लांबला आणि गादी काही विकली गेली नाही. काम चांगलं झालं तर शिक्षण संपल्यावर इथेच घेऊ, असं साहेब म्हणाले. हे मी बाबांना सांगून बसले. आता ते आनंदाने नवा सोफा बघताहेत.

बाईंना काहीच माहीत नाही. रोज डब्यातला अर्धा वाटा माझ्यापुढे सरकवतात. मी तो संपवते. काय करू?

तुझीच, फुकटचा डबा खाणारी
खारू

६ जून

चि. खारूस,
आशीर्वाद.

माझ्या गाडीत माझ्या पायाखालीही ब्रेक असतो. तुझ्या ऑफिसात तो नाही, तेव्हा काय कर ते मी सांगणार नाही. एकच विचारते. त्या बाईंना हे पडद्यावर बघून कळणार की तुझ्या तोंडून?

डबा मात्र खात जा.
आत्या

२० जून

ती. आत्यास,
नमस्कार.

जेवताना बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की अंदाज होताच. मग त्यांनी तक्ता मागून घेतला, मथळ्यातला एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि बजावलं की आकडे बरोबर आहेत, माझ्यासाठी ते बदलायचे नाहीत.

मी बदलले नाहीत. फक्त मीटिंगमध्ये 'निष्फळ' रकान्यापाशी थांबून आजोबांची हकिकत सांगितली. एका साहेबांनी चष्मा पुसला. मग आमच्या साहेबांनी ही गोष्ट फार हृद्य असल्याचं सांगून पुढचं पान दाखवायला लावलं. पुढच्या आठवड्यापासून फोन यंत्र घेणार.

मला नोकरी देऊ केली. मी नको म्हटलं. बाई माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, नाही म्हणायचं तर आधी दुसरी शोधायची. त्या स्वतः शोधताहेत. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग. तुझ्यावर ते ओरडतात, पण पुरतं ऐकून घेतात.

काल बाईंचा शेवटचा दिवस. त्या खण आवरत होत्या, म्हणून वाजलेला फोन मी घेतला. एका बाईंच्या नव्या गादीला वास येत होता. मी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी चाचरत विचारलं की मी खरोखरची माणूस आहे ना. मी सांगितलं, हो, पण अजून शिकाऊ आहे.

लोभ असू दे, या वेळी जरा जास्तच.
तुझी खारू