पाणी देवाचं, टँकर माझा

११ एप्रिल १९९५, मंगळवार

तानाजीराव हसला. पोट धरून हसला. माझ्याच दुकानाच्या ओट्यावर, माझ्याच खुर्चीत बसून!

आज टीव्हीवर गोदाच्या मालिकेत त्या बापूसाहेबानं सरकारी टँकर गावाच्या विहिरीऐवजी आपल्या मळ्याकडं वळवला. गोदा आडवी गेली तर म्हणतो, "पाणी देवाचं, टँकर माझा." मला वाटलं, आता ओटा गार पडणार. आमच्या गावचा टँकर रोज आधी तानाजीरावाच्या मोसंबीत रिकामा होतो, उरलंसुरलं गढूळ पाणी विहिरीत पडतं – शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडं पाहिलं.

त्यानं मांडीवर थाप मारली. "ईश्वरप्पा, लई बेरकी हाय बे ह्यो बापूसाहेब. आवाज वाढव."

वाढवला. टीव्ही विकायचे तर गावच्या पुढाऱ्याशी वाकडं घेऊन चालत नाही.

१२ एप्रिल

गुरुजी रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले. म्हणाले, "अप्पा, मालिका नासली. गोदाचं अन् सासूचं भांडण काय रंगायचं! आता निव्वळ प्रचार."

मी म्हटलं, "खरं बोललं की तुमची गोडी का जाते, गुरुजी?" ते रेडिओ ठेवून निघूनच गेले.

घरी आलो तर बायको, शिवगंगा, त्यांच्याच बाजूची. "गोदा भाषणाला उभी राहिली की मी उठून पीठ मळून घेते. सासूपुढं तिचं तोंड कसं चालतं! तिथं मातर पाठ केल्यागत बोलती."

माझ्या घरातच हे. जेवलो नाही.

१८ एप्रिल, मंगळवार

तानाजीराव आता जीपमधून जाता जाता ओरडतो – पाणी देवाचं, टँकर माझा! पोरं मागं पळतात. विहिरीवरच्या बाया त्याला बापूसाहेबच म्हणायला लागल्या. तो हात हलवतो.

आमच्या मागच्या आळीतली छबुबाई, दोर ओढून हाताची सालटी निघालेली, तीही हसत होती. मी खवळलो. म्हणाली, "काय करता अप्पा. घागर रिकामीच न्यायची तर हसून तरी न्यावी."

लिंबाखाली बसून ट्रान्झिस्टर दुरुस्त करत मी दुकान उभं केलं. नुसती खरखर ऐकून सेटचा बिघाड सांगतो. या हसण्यातला बिघाड कुठं आहे, ते कळेना.

२ मे

शेवटचा भाग पुढच्या मंगळवारी. बापूसाहेबाला बेड्या पडणार म्हणतात. मग बघू कोण हसतंय.

७ मे, रविवार

शिवगंगा भावाच्या लग्नाला आष्टीला गेली. म्हटलं, तिकडं टीव्ही आहे, शेवटचा भाग चुकवू नको. "बघू," म्हणाली.

तानाजीरावाचा माणूस येऊन माझी मोठी बॅटरी घेऊन गेला. पुतणीच्या साखरपुड्याला लाउडस्पीकर लावायचाय म्हणे. दिली.

९ मे, मंगळवार

पडद्यावर मालिकेचं नाव आलं आणि लाइट गेली. फक्त आमच्या गावची! पलीकडं नांदूरघाटचे दिवे लुकलुकताना ओट्यावरून दिसत होते. छोटा सेट बॅटरीवर चालला असता – बॅटरी कुठं आहे, ते आठवलं आणि डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे तो बावळटासारखा हसत नव्हता. त्याला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं.

आणि मी त्याला आवाज वाढवून देत होतो!

१० मे

चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी विहिरीवर सांगायचा, आणि ज्यानं पाहिला त्यानंच सांगायचा, असा आमच्याकडं रिवाजच पडलाय. आज सांगायला उभा राहिला तानाजीराव. "घरी बॅटरी होती, म्हटलं लावावा छोटा टीव्ही."

माझी बॅटरी.

त्याच्या तोंडून शेवट असा – बापूसाहेबाला पस्तावा होतो, देवळात ढसाढसा रडतो, गावाला दुसरी विहीर खणून द्यायचं कबूल करतो, गोदा त्याच्या पाया पडते. छबुबाईनं पदरानं डोळे टिपले.

मी म्हटलं, "खोटं हाय."

"तू पाह्यलंस का बे?"

न पाहणाऱ्याला तोंड नाही. तसाच परत फिरलो. दिवसभर एकही सेट धड जोडता आला नाही.

१२ मे, शुक्रवार

शिवगंगा सकाळच्या एसटीनं आली. पाण्याला गेली तोच बायांनी तिला गराडा घातला. आष्टीला शेवट पाहिला का? मी समोरच्या दुकानातून कान देऊन ऐकला.

"बाया उजाडायच्या आत निघाल्या. मळ्याच्या फाट्यावर रस्त्यात रिकाम्या घागरी मांडल्या अन् मागं बसल्या. डायवरनं हार्न वाजवला. कुणी हललं न्हाई."

"मग गोदानं भाषण केलं आसंल," छबुबाई म्हणाली.

"भाषण कशाला? नुसत्या बसल्या. टँकर माघारी विहिरीकडं वळला, तवा उठल्या."

"आन् बापूसाहेब?"

"त्यो आला होता जीप घेऊन. त्याच्याकडं बघितलंच न्हाई कुणी."

हसण्याचा आवाज आला नाही. कान देऊन बसलो होतो. एकही नाही.

१३ मे, शनिवार

आज मोसंबीच्या फाट्यावर रस्ताभर घागरी होत्या. पुढं छबुबाई. आमची पितळी घागरही ओळखली. टँकर फिरला आणि विहिरीत भरलेला रिता झाला. तानाजीराव जीपमध्ये उभा राहून त्याचं ते वाक्य ओरडला. एक बाई मान वर करेल तर शपथ.

घरी येऊन शिवगंगेला म्हटलं, "मालिकावाल्यांनी शेवट मातर झकास केला."

तांदूळ निवडत होती. म्हणाली, "केला आसंल. मी कुठं पाह्यला? मंगळवारी लग्नघरात पोळ्या लाटत होते."