मशीनच्या खोलीतला कोपरा

मी, भंवरीबाई, कै. दलिचंद ओसवाल यांची पत्नी, वय अंदाजे पासष्ट, राहणार पहूर, तालुका जामनेर, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहिते. शाळा दुसरीपर्यंत. कायद्याचे शब्द वकिलांचे, बाकीचे माझे. डोकं ठिकाणावर आहे. नसतं तर मुलानं दाखवलं तिथे मुकाट्यानं सही केली असती.

१. राहतं घर व सरकीचं दुकान थोरला मुलगा मदनलाल यास मिळावं. घर पावसात गळतं, तेही त्याचंच.

२. प्रेमकुंवर टॉकीज, मशीन व बाकड्यांसह, माझ्या एकटीच्या मालकीची आहे. जागा माझ्या बापानं दिली, मशीन माझे बाजूबंद मोडून आलं. नाव सासूबाईंचं, त्यांना एकही खेळ बघू दिला नाही कोणी. मदनलालला तिथे कापसाचं गोदाम करायचं आहे. ते होणार नाही. टॉकीज धाकटी सून मोहनबाई, मयत रुपचंदची बायको, हिला मिळावी. कारणही लिहिते, म्हणजे कोर्टात कोणी म्हातारी चळली म्हणू नये.

एकसष्ट साली मालक वारले. थोरले दीर पन्नालाल म्हणाले, विधवेनं वर्षभर अंधाऱ्या कोपऱ्यात बसायचं, आपली रीत आहे. टॉकीज आम्ही बघू, किल्ल्या द्या. मी म्हटलं, "बसते. कोपरा मात्र मी निवडीन." आणि पोतं घेऊन मशीनच्या खोलीत जाऊन बसले. गावात त्याहून अंधारी खोली असेल तर दाखवावी. दीर म्हणाले, तिथे निंबा ऑपरेटर असतो. मी म्हटलं, त्याचं तोंड पडद्याकडे असतं.

निंबा धुळ्याकडचा. मला जमेल का विचारलं तर म्हणाला, "आक्का, मशीनले काय समजस, बाई शे का माणूस?" मशीनच्या दिव्याची कार्बनची कांडी पेटवायची कशी, रीळ चढवायचं कसं, सगळं कोपऱ्यात बसल्या बसल्या शिकले.

एका बाजाराच्या दिवशी निंबा तापानं पडला. खेड्यांवरून गाड्या आलेल्या, दीर बाल्कनीत. खेळ मी चालवला. सुटल्यावर दीर चार लोकांत म्हणाले, निंबानं आज चित्र जरा हलू दिलं नाही. सकाळी त्याच चार लोकांसमोर मी सांगितलं, निंबा कुठे होता ते. परत त्यांनी किल्ल्या मागितल्या नाहीत.

गेल्या आषाढात रुपचंद गेला. मदनलालनं मोहनबाईला मागच्या धान्याच्या खोलीत बसवलं. रीत म्हणे. मी तिला विचारलं, मशीन शिकतेस का. ती म्हणाली, "सासूजी, लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "तिकीट काढून म्हणतील."

३. मदनलालनं दावा लावल्यास कलम एक रद्द समजावं. मग घरही मोहनबाईचं.

४. दीर पन्नालाल यांचा फुकटचा पास बंद. बाल्कनी हवी तर बाल्कनीचं तिकीट काढावं.

५. मी मरेन त्या दिवशी खेळ बंद ठेवू नये. रडणाऱ्यांनी मध्यंतरात रडावं.

ठिकाण: प्रेमकुंवर टॉकीज, पहूर
तारीख: १२ फेब्रुवारी १९७४

सही: भंवरीबाई

साक्षीदार:
१. निंबा पाटील, सही
२. दगडीबाई, बायकांच्या दारावरची, अंगठा

मोहनबाई साक्षीला नाही. वकील म्हणतात, जिला मिळतं तिनं साक्ष देऊ नये. तसंही तिला आता उठता यायचं नाही. खेळ चालू आहे, मशीनवर ती आहे.