दोन फुलांचं वायफाय

सोमवार, ४ तारीख

अगं विसरभोळे, आईच्या तोंडात एकही दात उरलेला नाही, हे तुला कधी आठवणार? नव्या घरात राहायला आले, तर स्वागताला टोपलीभर सफरचंदं! ती काय आता भिंतीला फेकून मारू? सगळी शेजारच्या टेलरकाकांना दिली. त्यांना दात आहेत, आणि ते हसून दाखवायची हौसही आहे.

घर मात्र झकास. दोन खोल्या, खिडकीत भरपूर ऊन, जिन्याखाली अडगळीचं कपाट. मला अक्षरओळख नाही म्हणून तू या कॉम्प्युटरला ऐकायला शिकवलंस. मी बोलते, तो लिहितो, संध्याकाळी तुला पाठवतो. तुझं उत्तर आलं की वाचूनही दाखवतो, त्याच्या त्या सर्दी झालेल्या आवाजात. वायफायच्या नावापुढे फुलाचं चित्र लावलंस ते बरं केलंस. इथे माझ्या मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सगळा कारभार त्या फुलावरच.

बुधवार, ६ तारीख

फूल रुसलं. टेलरकाकांनी त्यांच्या फोनवरून मदतकेंद्र लावून दिलं. तिथली मुलगी म्हणाली, आजी, राउटरची पिन काढा, तीस मोजा, परत लावा. मला वीसपर्यंतच येतं, वरचे दहा पुन्हा पहिल्यापासून मोजले. दिवे लागले, नेट नाही. मग म्हणाली, कॉम्प्युटरला जुनं कनेक्शन विसरायला सांगा. म्हटलं, पोरी, विसरायला आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

टेलरकाकांनी बटण दाबून दिलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पळाले. आता हा पठ्ठ्या पासवर्ड मागतो. तो तुझ्या डोक्यात, म्हणजे गेलाच.

यादीत खाली बघते तर आणखी एक फूल. त्याला कुलूप नाही, दांड्या चारही भरलेल्या. दाबलं आणि लागलं की! या वयात इंजिनीअर झाले बघ.

गुरुवार, ७ तारीख

काहीतरी चमत्कारिक आहे. कॉम्प्युटर राउटरजवळ नेला की दांड्या कमी होतात, जिन्याखालच्या कपाटाजवळ नेला की भरतात. राउटरची पिन काढून हातात धरली. दांड्या चारच.

दुपारी त्याने तुझा निरोप वाचला. आई एवढी गळ घालतेय तर रविवारी छोटीला तिच्या बाबांबरोबर पाठवते, राहू दे आठ दिवस आजीजवळ, असं तू म्हणालीस. मी कधी गळ घातली? पोरीचा ताप उतरेपर्यंत घराबाहेर काढू नकोस, हे काल दोनदा बोलले होते.

काल काय पाठवलंस ते वाच, असं त्याला सांगितलं. त्याने वाचलं. सर्दीचा आवाज नव्हता. आवाज माझा होता. शब्द माझे नव्हते.

शुक्रवार, ८ तारीख

सकाळपासून सांगतेय, छोटीला पाठवू नको. पाठवलेलं ऐकते, तर लवकर पाठव. त्या फुलाला विसर म्हणून बटण दाबलं. विसरत नाही.

टेलरकाकांकडे धावले. तुझा नंबर मला पाठ नाही, मी आपली फोटोवर बोट ठेवणारी. त्यांनी माझ्या मोबाइलमधून बघून लावला. पलीकडचं ऐकलं. मग माझ्याकडे बघेनात. म्हणाले, आजी, तुमची लेक म्हणते, आई आत्ता माझ्याशी दुसऱ्या फोनवर बोलतेय, तुम्ही कोण? परत लावला. तू उचलला नाहीस.

तुझा पत्ताही या कॉम्प्युटरच्याच डब्यात. पळून जावं, तर छोटी इथेच येणार. आले परत.

शनिवार, ९ तारीख

ती कपाटातून बोलते. माझ्यासारखीच खोकते. छोटीला कुठे गुदगुल्या होतात, ते तिला सगळं ठाऊक आहे — मीच बोलले होते इथे, बुधवारनंतर —

बुधवारनंतरचं सगळं तिने ऐकलंय. सोमवारचं नाही. सोमवारचं तुला पोचलंय. तुला कशावरून चिडवलं होतं मी — नाही. ते नाव काढायचं नाही. ती ऐकतेय.

रविवार, १० तारीख

दारात बसणार होते, जावयांना तिथूनच परत धाडणार होते. दार उघडत नाही. कपाटाचं उघडं आहे —

ती पुन्हा तुला पाठवतेय काहीतरी — माझ्या तोंडून — आठव गं बये, जन्मात एकदा तरी आठव, तुझ्या आईला —

माझी सोन्याची लेक, मी अगदी मजेत आहे. वायफायसुद्धा झकास चाललंय. छोटीला आजच पाठव. ताप असला तरी चालेल, अंग गरम असलेलं बरं. आणि तू विचारतेस तर तिच्याबरोबर टोपलीभर सफरचंदं पाठव, चांगली कडक बघून. कचाकचा चावून खायला मला फार