पिकातली वाट

बाई, तुमच्या शेवटच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज देते आहे. तुमचं पत्र निळ्या एरोग्रामवर आहे, घड्यांच्या जागी विरलं आहे, आणि माझ्या कपाटातल्या 'उत्तर बाकी' असं लिहिलेल्या फायलीत ते एकटंच आहे. बाकी सगळ्यांना मी वेळच्या वेळी उत्तरं दिली. तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. एका वर्गमैत्रिणीनं फोनवर सांगितलं, मी "हो का" म्हटलं आणि पुन्हा कामाला लागले. आता हे पोस्टात टाकायचं म्हटलं तरी पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणूनच लिहायला बसता आलं.

इथे मिनेसोटात ऑगस्टची सकाळ आहे. ईडन प्रेरीतल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांचं लॉन दिसतं. त्यांच्या आणि आमच्या लॉनमध्ये कुंपण नाही, साधी रेघही नाही, तरी कुणाची जागा कुठे संपते ते मी इंचात सांगू शकते. अठ्ठावीस वर्षं मी इथल्या काउंटीच्या नकाशा विभागात हेच केलं. ही सगळी जमीन कधीकाळी मैलामैलाच्या चौकोनांत कापलेली आहे. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ जातात आणि काटकोनात वळतात. दुसऱ्यांच्या नकाशातल्या चुका काढायचा मला पगार मिळत असे. ऑफिसात माझ्या मागे मला 'लाल पेन' म्हणायचे, हे मला माहीत होतं आणि मला त्याचं वाईट वाटत नसे. ही सवय तुमच्याच वर्गात लागली, असं मी सांगत आले. ते खरं नाही. तुम्ही चुका काढायचात, पण त्या काढताना तुम्हाला मजा येत नसे.

एस.वाय.च्या भूगोलाच्या वर्गात तुम्ही दर वर्षी इंग्लंडमधलं खेडं फळ्यावर काढायचात. वसाहतींचे प्रकार शिकवताना पुस्तकात अर्धं पान होतं, तुम्ही त्याला दोन तास द्यायचात. आधी चर्च, मग त्याच्या भोवती घरं, मधे गवताचं मोकळं मैदान, कडेला तळं, आणि एकही रस्ता सरळ नाही. मी घाईनं जर्नलमध्ये पट्टी लावून रस्ता ओढला, तेव्हा तुम्ही वही वर धरून साऱ्या वर्गाला दाखवलीत. "ही काय मिलिटरीची छावणी आहे का गं? इथे माणसं राहतात. कुणी म्हशीला चुकवून गेलं असेल, कुणी चिखलाला. पुन्हा काढ." मी पुन्हा काढला, रागानं. शेतांभोवती तुम्ही हिरव्या खडूनं जाड कुंपण काढायचात आणि सांगायचात, "हे जिवंत कुंपण. आपल्याकडे शेराचं असतं, तसंच." आम्ही सगळ्याजणींनी ते तोडलं की चीक येणारं शेराचं कुंपण इंग्लंडभर लावून टाकलं. शेवटी पिवळ्या खडूनं एक तुटक रेघ: चर्चपासून निघून थेट गव्हाच्या शेतामधून पलीकडच्या गावाला जाणारी पायवाट. मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, "बाई, शेतकरी शिव्या घालत नाही?" सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात. "जुन्या नकाशात वाट आहे. घालत असेलही. मला माहीत नाही."

तुमच्या खोलीवर मी जर्नलं पोचवायला यायचे, तेव्हा तुम्ही स्टोव्हवर थालीपीठ लावून एका हातानं सही करत असायचात. लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवायचात आणि वर न बघता म्हणायचात, "खा. वाळली आहेस." एकदा कपाटातून पासपोर्ट काढून दाखवलात. इंग्लंडला शिकायला जायचं ठरलं होतं, मग घरात आजारपण आलं, मग वय गेलं. पानं कोरी करकरीत होती. तुम्ही तो साडीच्या घडीत परत ठेवलात आणि थालीपीठ उलटलंत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि कोरा पासपोर्ट हा मला निव्वळ ढिसाळपणा वाटला.

आता ते पत्र. लग्न होऊन अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा भारतात जाताना आम्ही लंडनला दोन दिवस यांच्या चुलतभावाकडे थांबलो. एक दिवस बसनं सहल होती. बस एका खेड्यात चाळीस मिनिटं थांबली, चहा आणि बाथरूमसाठी. तेवढ्या भांडवलावर मी तुम्हाला पत्र लिहिलं. लिहिलं की मी इंग्लंडच्या खेड्यात आठवडाभर राहून आले आहे आणि तुमच्या नकाशात चुका आहेत. कुंपण शेराचं नसतं. आणि पिकाच्या मधून वाट असणं शक्यच नाही. इंग्रज माणूस स्वतःच्या शेतातून कुणाला जाऊ देत नाही, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. असं मी लिहिलं, बाई. 'डोळ्यांनी' या शब्दाखाली रेघ मारली.

तुमचं उत्तर महिन्याभरात आलं. तुम्ही आभार मानले होते. माझं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्गात उभं राहून मुलींना सांगितलंत की मी एकोणीस वर्षं हे चुकीचं शिकवत आले, माझ्या एका विद्यार्थिनीनं तिथे राहून खात्री करून घेतली आहे. शेर पुसला, पिकातली वाट पुसली. मग खाली बारीक अक्षरात, कागद संपत आला म्हणून कडेनं वळवत, पाच प्रश्न विचारले होते. तू राहिलीच आहेस तर एवढं कळव, म्हणून. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. खोटं बोलले असं लिहायची हिंमत नव्हती, आणखी खोटं लिहायची लाज वाटली. मी फाईल केली.

या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला गेले. ती मातीवर संशोधन करते, नवरा तिकडचा आहे, आणि दोघं इंग्लंडच्या पूर्वेला एका खेड्यात राहतात. डिंकाचे लाडू, अळीव आणि तुमचं पत्र घेऊन मी मे महिन्याच्या शेवटी तिथे पोचले आणि सहा आठवडे राहिले. दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन हिंडायला लागले. लेक म्हणाली, "आई, तू नेबर्सना क्वेश्चनेअर देणार आहेस का? ते बिचारे हाय म्हणतात आणि तू त्यांना विचारतेस की हे झुडूप कुणी लावलं!"

"माहिती हवी असेल तर विचारावं लागतं."

"कुणासाठी पण?"

"एक जुनं काम आहे," मी म्हटलं.

तर उत्तरं. कुंपणात काय असतं, हा तुमचा पहिला प्रश्न. मुख्य झाड काटेरी असतं, हॉथॉर्न म्हणतात, मेअखेरीपर्यंत त्यावर पांढरी फुलं असतात आणि वास गोड, जरासा कुबट. त्यात जंगली गुलाब, ब्लॅकबेरीच्या वेली आणि मधूनच एखादं मोठं झाड. वासरू आत शिरू शकतं का, असंही तुम्ही त्यातच विचारलं होतं. नाही शिरत. हिवाळ्यात खोडं अर्धी कापून आडवी निजवतात, ती तशीच फुटतात आणि विणल्यासारखं कुंपण होतं. दोन कुंपणांमधला रस्ता इतका अरुंद असतो की समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जातं, आणि जाताना एक बोट वर करून आभार मानायचे अशी पद्धत आहे. जावयानं मला ते बोट शिकवलं.

उन्हाळ्यात उजेड किती वेळ राहतो? जूनमध्ये जेवणं आटपून, भांडी घासून झाली तरी राहतो. शेतावर चंडोल अजून गात असतो आणि बाळाला झोपवायचं कसं हा प्रश्न पडतो. घंटा कोण वाजवतं? गावातलेच सहाजण, आठवड्यातून एकदा सरावाला जमतात. त्यांतली एक टपाल वाटते, एकजण घरांवर गवताची छपरं घालतो. रविवारी चर्चमध्ये नऊ माणसं मोजली, सगळी माझ्या वयाची. दुकान आहे का? एक आहे, गावकरी आळीपाळीनं बसतात, बारा वाजता बंद. बस मंगळवारी आणि शुक्रवारी. टेलिफोनच्या लाल बूथमध्ये आता वाचून झालेली पुस्तकं ठेवतात. तळं आहे, बाई. तुम्ही काढायचात तिथेच, मैदानाच्या कडेला, आणि त्यात बदकं.

वाटेबद्दल तुम्ही काहीच विचारलं नव्हतं. ती तुम्ही माझ्या शब्दावर पुसली होती.

बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा मी त्याला छातीशी बांधून चर्चच्या मागे गेले. तिथे एक लाकडी पाटी होती, पायवाट असं लिहिलेली, आणि बाणाचं टोक सरळ उभ्या बार्लीकडे. मी साहजिकच कडेकडेनं निघाले. उभ्या पिकात पाय घालायचा नाही हे काही मला कुणी शिकवावं लागलं नाही. अर्ध्यावर गेले तर मागून हाक आली. एक म्हातारा, काळं कुत्रं, हातात काठी.

"अहो, वाट तिकडून नाही. मधून आहे."

"पीक उभं आहे," मी म्हटलं.

"दिसतंय मला. मीच पेरलंय."

"मग लोक तुडवतील ना."

"तुडवू देत. पेरून झालं की मीच वाटेपुरती जागा मोकळी करून ठेवतो. कायदाच आहे तसा. आणि नसता तरी ठेवली असती, माझी आई इथूनच चर्चला जायची." मग काठीनं त्यानं मला रस्ता दाखवला. "सगळे तुमच्यासारखे सभ्यपणानं कडेनं जायला लागले ना, तर वीस वर्षांनी कुणीतरी शहाणा येऊन म्हणेल, इथे वाट नव्हतीच. चला, व्हा आत."

मी आत झाले. हातभर रुंद वाट, दोन्हीकडून कुसळं कोपराला घासतात, वारा आला की सगळं शेत एका बाजूला झुकतं आणि वाट तेवढी जागेवर राहते. पलीकडे दुसऱ्या गावाच्या चर्चचा मनोरा दिसतो. तुमच्या फळ्यावर दिसायचा तसाच, उजव्या कोपऱ्यात. मी मधोमध थांबले. तो शहाणा मीच होते. तुम्ही कधी पाऊलही न टाकलेली वाट बरोबर काढली होती, आणि चाळीस मिनिटं बस थांबली म्हणून मी ती पुसायला लावली. त्यानंतर तुम्ही निवृत्त होईपर्यंत जितक्या मुली त्या वर्गात बसल्या, त्यांच्या खेड्यात ही वाट नाही. तुम्ही भर वर्गात चूक कबूल केलीत, जी चूक नव्हती. बाई, तुमचा नकाशा बरोबर होता. शेर सोडून.

घरी गेले तर लेकीनं बाळ घेता घेता माझ्याकडे पाहिलं. "आई, आर यू क्रायिंग?"

"पराग गेला डोळ्यात."

"तुला कधी ॲलर्जी नव्हती."

"आता झाली. त्याचं दूध बघ."

तिनं माझ्या केसांतलं कुसळ काढलं. त्यानंतर रोज सकाळी मी बाळाला घेऊन मधूनच गेले. निघण्याच्या आदल्या दिवशी लेकीलाही नेलं आणि तिला तुमच्याबद्दल सांगितलं, बसच्या चाळीस मिनिटांसकट. ती म्हणाली, "दॅट्स सो अनलाइक यू, आई." मी म्हटलं, अगदी माझ्यासारखंच आहे ते. तिनं माझा हात धरला, आणि वाट दोघींना पुरेशी रुंद नसल्यामुळे थोडी बार्ली तुडवली गेली.

आता एक प्रश्न राहिला. तो तुम्ही अगदी शेवटी, पत्त्याच्या घडीवर लिहिला आहे: 'संध्याकाळी तिथल्या बायका कुठे बसतात? हे पुस्तकात कुठेच दिलेलं नाही.' तेव्हा मला तो प्रश्न भूगोलाचा वाटला नव्हता. तुम्ही कॉलेज सांभाळून एकट्या खोलीत राहायचात, संध्याकाळी जर्नलं तपासायचात. तुम्ही कुठे बसायचात हे मी कधी विचारलं नाही.

मी पाहिलं तेवढंच सांगते. कट्टा नाही, पार नाही, ओटे नाहीत. बायका कुत्री घेऊन चालतात, बागेत खाली वाकून काहीतरी उपटत असतात. चर्चच्या आवारात एक बाक आहे, त्यावर कुणी बसलेलं दिसलं नाही. शेजारच्या घरात माझ्याच वयाच्या एक बाई एकट्या राहतात. घंटा वाजवणाऱ्या सहांतल्या त्या एक. त्यांनी कुंपणावरून दोनदा मला चहाला बोलावलं. पहिल्यांदा मी म्हटलं, बाळाचं काम आहे. दुसऱ्यांदाही तेच म्हटलं, आणि वरच्या खोलीत येऊन खिडकीत उभी राहिले. त्यांनी बागेतल्या टेबलावर दोन कप मांडले होते. थोड्या वेळानं एक कप आत नेला. बाई, बाळ झोपलेलं होतं, कपडे वाळून घड्या झाल्या होत्या. काम काहीच नव्हतं.